आमवात : उपचारातील शिक्षणाचे स्थान

मनुष्याच्या एका हातात मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत 27 हाडे असतात. भाकरी थापणे, सुईत दोरा ओवणे, सदऱ्याचे बटण लावणे ही कामे आपण विचार न करता करतो, कारण ही हाडे जेथे जुळतात ते सांधे विनातक्रार वळतात. प्रत्येक सांध्याला आतून एक पातळ अस्तर असते आणि त्यातून पाझरणारा बुळबुळीत द्रव सांध्याला वंगणासारखा उपयोगी पडतो. आमवात सुरू होतो तो या अस्तरात. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अस्तरावर उलटते. ती का उलटते याचा पूर्ण उलगडा अद्याप झालेला नाही. अस्तर सुजते, जाड होते, कूर्चेवर पसरते आणि कालांतराने कूर्चा व तिच्याखालचे हाड पोखरू लागते. एकदा पोखरले गेलेले हाड औषधाने सहसा पूर्ववत होत नाही. म्हणून या रोगात रोग्याला केव्हा आणि काय समजले, तसेच वैद्याला केव्हा आणि काय उमगले, यावर हातांचे भवितव्य अवलंबून राहते.

‘संधिवात’ हे नाव लोक सांध्यांच्या कोणत्याही दुखण्यास देतात. वास्तविक वैद्यकात अशा विकारांची संख्या शंभराहून अधिक आहे. उतारवयात गुडघे झिजतात तो एक. रक्तातील युरिक आम्ल वाढून पायाच्या अंगठ्याला ठणका लागतो तो दुसरा. लहान मुलांत घशाच्या संसर्गानंतर येणारा आणि हृदयाच्या झडपांना इजा करणारा संधिज्वर हा तिसरा. येथे विचार करावयाचा आहे तो आमवाताचा. हा शब्द जुना आहे. ‘माधवनिदान’ या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र वर्णन आढळते, मात्र ते वर्णन आणि आजची व्याख्या तंतोतंत एकच आहेत असे मानण्याचे कारण नाही. पाश्चात्त्य वैद्यकातील ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव इंग्रज वैद्य आल्फ्रेड गॅरॉड यांनी 1859 सालच्या आपल्या ग्रंथात रूढ केले.

हा विरळा रोग नव्हे. डॉ. ए. एन. मालवीय व त्यांचे सहकारी यांनी दिल्लीनजीकच्या ग्रामीण भागात केलेली पाहणी 1993 साली प्रसिद्ध झाली. तीत प्रौढांमधील प्रमाण 0.75 टक्के, म्हणजे हजारी सात-आठ, असे आढळले. स्त्रियांना तो पुरुषांच्या दुपटी-तिपटीने होतो. तो म्हाताऱ्यांचा रोग आहे हा समजही खरा नाही. बहुतेकांना तो ऐन कर्तेपणात गाठतो. 3 डिसेंबर 1967 रोजी केपटाउन येथे मानवी हृदयाचे पहिले रोपण करणारे शल्यविशारद क्रिस्तियान बर्नार्ड यांना आमवाताचे निदान 1956 साली, म्हणजे वयाच्या 33 व्या वर्षी झाले होते. ती जगप्रसिद्ध शस्त्रक्रिया आमवात जडलेल्या हातांनी केली होती हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुढे 1983 साली त्याच हातांमुळे त्यांना शस्त्रक्रिया सोडावी लागली.

ओळखण्याची विद्या

रोगाच्या पहिल्या दोन वर्षांतच पुष्कळ रोग्यांच्या हाडांना खाचा पडू लागतात. उपचार पहिल्या काही महिन्यांत सुरू झाले तर रोग आटोक्यात येण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. पण नेमक्या याच महिन्यांत रोग ओळखणे अवघड जाते, कारण क्ष-किरणांच्या चित्रात तेव्हा काहीच दिसत नाही. बोटे वाकडी होणे, कातडीखाली गाठी येणे ही पाठ्यपुस्तकातील ठळक चित्रे उशिराची आहेत. तीच डोळ्यांपुढे ठेवून बसलेला वैद्य रोग ओळखील तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असेल.

रक्ताच्या चाचण्या मदत करतात, परंतु त्या निवाडा देत नाहीत. ‘रुमॅटॉइड फॅक्टर’ हा घटक सुमारे वीस-तीस टक्के रोग्यांच्या रक्तात सापडतच नाही. उलट क्षय, कुष्ठरोग यांसारख्या विकारांत आणि काही निरोगी वृद्धांतही तो सापडतो. आपल्या देशातील तज्ज्ञ आणखी एका घोटाळ्याकडे वारंवार लक्ष वेधतात. सांधे दुखणाऱ्या प्रौढाच्या रक्ताची ‘ए. एस. ओ.’ नावाची चाचणी केली जाते. घशात पूर्वी विशिष्ट जंतूंचा संसर्ग होऊन गेला एवढेच ती सांगते. तिचा आकडा वाढलेला दिसला की संधिज्वराचे निदान होते आणि रोगी महिनोन्‌महिने पेनिसिलिनची इंजेक्शने घेत राहतो. संधिज्वराच्या मुलाला तीच इंजेक्शने जीवदान देतात. आमवाताच्या रोग्याला त्यांचा काडीचाही उपयोग होत नाही आणि मोलाचा काळ मात्र निघून जातो. दोन रोगांची नावे इंग्रजीत जवळजवळ सारखी असावीत, ही भाषेने वैद्यकाची केलेली थट्टाच म्हणावयाची.

मग ओळखावे कशावरून? 2002 साली लीड्स येथील पॉल एमरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वसाधारण वैद्यांसाठी तीन सोप्या खुणा सुचविल्या. तीन किंवा अधिक सांधे सुजलेले असणे ही पहिली. सकाळी उठल्यावर सांधे अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ आखडलेले राहणे ही दुसरी. झिजेच्या संधिवातात ही आखड बहुधा त्यापूर्वीच सुटते. तिसरी खूण हाताने पाहावयाची आहे. हस्तांदोलन करताना धरतो तसा रोग्याचा पंजा बोटांच्या मुळांशी आडवा धरून हलकेच दाबावा. रोगी कळवळला, तर तेथील सांध्यांत दाह आहे अशी शंका घ्यावी. पावलाचीही अशीच परीक्षा करता येते. यांपैकी कोणतीही खूण आढळली तरी रोग्यास त्वरित तज्ज्ञाकडे पाठवावे असे त्यांचे सांगणे होते. या परीक्षेला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. ती शिकलेली बोटे मात्र लागतात.

आणि शिकवण्यात येथेच उणीव होती. छातीला नळी लावणे, पोट चाचपणे हे प्रत्येक विद्यार्थ्याकडून घोटून घेतले जाई. सांधे तपासणे मागे पडे. ही उणीव भरून काढण्यासाठी मायकेल डोहर्टी व इतर ब्रिटिश तज्ज्ञांनी 1992 साली एक छोटी तपासणी मांडली. चाल, हात, पाय आणि पाठीचा कणा ही तिची चार अंगे. तिच्या आरंभी तीनच प्रश्न असतात : स्नायू, सांधे किंवा पाठ यांत दुखते वा आखडते काय? कोणत्याही अडचणीविना संपूर्ण पोशाख स्वतः करता येतो काय? जिना अडचणीविना चढता-उतरता येतो काय? सारी तपासणी काही मिनिटांत आटोपते. भारतात वैद्यकीय पदवीचा जो नवा अभ्यासक्रम 2019 पासून लागू झाला, त्यात सांध्यांच्या या विकारांना स्वतंत्र स्थान आहे. परंतु अभ्यासक्रमातील ओळ बोटांत उतरावयास प्रत्यक्ष सांधे हाताळावे लागतात.

हाताळावयाचे कोणाचे? या प्रश्नाला मिळालेले एक उत्तर फार सुंदर आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आणि नंतर इतर काही देशांत आमवाताच्या रोग्यांनाच शिक्षण देऊन परीक्षातंत्राचे शिक्षक बनविण्यात आले. ‘पेशंट पार्टनर्स’ या नावाने ही योजना प्रसिद्ध झाली. रोगी विद्यार्थ्यासमोर आपला हात ठेवतो आणि सांगतो : बोट येथे ठेवा, आता दोन्ही अंगठ्यांनी दाबा, इतके जोराने नको, ही सूज मऊ लागते, हाडासारखी टणक नाही, हे लक्षात आले का? कोणताही प्राध्यापक देऊ शकणार नाही असा अभिप्राय विद्यार्थ्याला त्याच क्षणी मिळतो, कारण दुखले की नाही हे प्राध्यापकाला कळत नाही, रोग्याला कळते.

औषध आले, माहिती मागे राहिली

21 सप्टेंबर 1948 रोजी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जवळजवळ खिळलेल्या एका तरुण स्त्रीला एका नव्या द्रव्याचे इंजेक्शन दिले. काही दिवसांतच ती चालू लागली. हे द्रव्य म्हणजे कॉर्टिसोन. हेंच, केंडल आणि राइकश्टाइन या तिघांना 1950 साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि आमवात जिंकला असे जगाला वाटले. लवकरच दुसरी बाजू दिसू लागली. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत दिल्यास चेहरा सुजून गोल होतो, हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर चढते, जंतुसंसर्ग बळावतात. शिवाय औषध एकाएकी थांबविले तर शरीराची स्वतःची ग्रंथी काम करण्यास विसरलेली असते आणि रोग्याच्या जिवावर बेतू शकते.

या वर्गातील औषधे, ज्यांना सर्वजण स्टेरॉइड म्हणतात, ती थोड्या मात्रेत आणि थोड्या काळासाठी आजही उपयोगी आहेत. धोका आहे तो अजाणता घेण्यात. वातावरील रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आपल्या देशात अनेक आहेत. दोन दिवसांत गुण आला, म्हणून रोगी त्या पुडीवर श्रद्धा ठेवतो. वस्तुतः इतक्या झटपट आलेला गुण हीच पुडीवर शंका घेण्याची पहिली खूण होय.

आमवाताच्या उपचारात आज जे औषध सामान्यतः प्रथम दिले जाते, त्याच्या पूर्वेतिहासात एका भारतीयाचे नाव आहे. आंध्रातील भीमावरम येथे 1895 साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळांत संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे फॉलिक आम्ल आणि त्याच्या कार्यात अडथळा आणणारी द्रव्ये तयार झाली. रक्ताच्या कर्करोगासाठी वापरलेल्या या द्रव्यांपैकी एक आमवातातही उपयोगी पडते असे 1951 साली दिसून आले. त्याचेच भावंड असलेले मेथोट्रेक्सेट पुढे लहान मात्रेत यशस्वी ठरले आणि 1988 साली अमेरिकेत त्याला आमवातासाठी मान्यता मिळाली. ते स्वस्त आहे, गोळीच्या रूपात मिळते आणि लक्षावधी लोकांचे हात त्याने वाचविले आहेत.

या गोळीचे वैशिष्ट्य असे, की ती आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. एका दिवशी 7.5 ते 25 मिलिग्रॅम, आणि मग पुढील आठवड्यातील त्याच वारापर्यंत काही नाही. ती चुकून रोज घेतली गेली, तर वेगाने वाढणाऱ्या पेशींना, म्हणजे तोंडाच्या व आतड्याच्या अस्तराला आणि हाडांतील मगजाला, सावरण्यास अवसर मिळत नाही. प्रथम तोंडात फोड येतात. मग रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा ताप जीवघेणा होतो. इंग्लंडमधील रुग्णसुरक्षा संस्थेने दहा वर्षांतील अशा घटनांचा मागोवा घेऊन 2004 साली जो अहवाल दिला, त्यात या औषधाच्या चुकीच्या वापरासंबंधीच्या 137 घटना व त्यांतील 25 मृत्यू नोंदले आहेत. युरोपच्या औषधनियंत्रक संस्थेने 2019 साली वेष्टनावर ठळक सूचना आणि रोग्याजवळ ठेवावयाचे पत्रक असे उपाय सुचविले.

चूक कोठे होते हे पाहिले म्हणजे दोष एकट्या रोग्याच्या माथी मारता येत नाही. आपल्याकडे बहुतेक गोळ्या रोज घ्यावयाच्या असतात. ‘सकाळ-संध्याकाळ’ हे शब्द औषध देणाऱ्याच्या हाताला सवयीचे असतात. त्यातच मेथोट्रेक्सेटचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून फॉलिक आम्लाची गोळी वेगळ्या दिवशी दिली जाते आणि दोन्ही गोळ्या पुष्कळदा लहान व पिवळ्याच असतात. इंग्रजी जाणणाऱ्या रोग्यांना वार व औषध यांचे आद्याक्षर जुळवून शिकवितात : मंडेला मेथोट्रेक्सेट, फ्रायडेला फॉलिक. मराठीत फॉलिकचा मेळ बसत नाही, परंतु मंगळवार आणि मेथोट्रेक्सेट यांचा बसतो. प्रस्तुत लेखकास मात्र याहून सोपी खूण आठवडी बाजाराची वाटते. गावात ज्याला वाचता येत नाही त्यालाही बाजाराचा वार चुकत नाही. चिठ्ठीवर वाराचे नाव पूर्ण अक्षरांत लिहावे, ‘रोज घेऊ नये’ हे शब्द त्याखाली लिहावेत, आणि रोग्याकडून ते एकदा म्हणवून घ्यावे. ‘समजले ना?’ असे विचारल्यास रोगी भिडेने ‘हो’ म्हणतो. ‘ही गोळी तुम्ही केव्हा घेणार ते मला सांगा’ असे म्हटले की खरे काय ते बाहेर येते.

आणखीही काही गोष्टी पहिल्याच भेटीत सांगावयास हव्यात. या औषधाचा गुण दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. हे न कळल्यामुळे कित्येक रोगी तिसऱ्या आठवड्यात ते सोडून पुडीवाल्याकडे वळतात. ठरावीक काळाने रक्त व यकृत यांची तपासणी करावी लागते. मद्य वर्ज्य करणे श्रेयस्कर. गर्भावर या औषधाचा घातक परिणाम होतो, म्हणून मूल हवे असणाऱ्या स्त्रीने ते आधीच, वैद्याच्या सल्ल्याने, बंद करावयाचे असते. हा रोग तरुण स्त्रियांना होतो हे ध्यानात घेतले, तर ही गोष्ट संकोचाने न सांगणे किती महागात पडेल हे उघड आहे.

रोगी काय शिकतो?

औषधाखेरीज शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि सोडून देण्यासारखेही. ‘आंबट खाल्ल्याने सांधे धरतात’ या समजुतीपायी कित्येक रोगी दही, लिंबू, टोमॅटो यांचा त्याग करतात. आंबट पदार्थांचा आमवाताशी संबंध असल्याचा पुरावा नाही. धूम्रपानाचा मात्र आहे, आणि ते सोडण्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. सांधा दुखतो म्हणून तो हलवावयाचाच नाही हेही चुकीचे. दाह अतिशय असेल तेव्हा विश्रांती आणि एरवी नियमित, बेताचा व्यायाम हवा, नाहीतर स्नायू सुकतात आणि सांधा अधिकच दुबळा होतो. घरकामातील लहानसहान बदलही महत्त्वाचे. चिमटीने सांडशीत पातेले धरण्याऐवजी दोन कानांचे भांडे दोन्ही तळहातांनी उचलावे. ओला कपडा मुठीत पिळण्याऐवजी नळाला अडकवून पीळ द्यावा. कालथ्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून तो जाड करावा. यांमुळे रोग बरा होत नाही, पण बोटांच्या सांध्यांवरचा ताण निश्चित कमी होतो.

असे शिक्षण पद्धतशीरपणे देऊन त्याचे फळ मोजण्याचे श्रेय स्टॅनफर्ड विद्यापीठातील केट लॉरिग या परिचारिकेकडे जाते. 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी संधिवाताच्या रोग्यांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग सुरू केला. आठवड्यातून एकदा, दोन तास. वर्ग चालविणारे वैद्य नव्हते. शिक्षण घेतलेली सामान्य माणसे, बहुधा स्वतः संधिवाताचे रोगी, ते चालवीत. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या चार वर्षांच्या निष्कर्षांत वेदना सरासरी 20 टक्क्यांनी आणि वैद्याकडील फेऱ्या 40 टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. विशेष म्हणजे, कोणी किती व्यायाम केला यापेक्षा ‘माझ्या दुखण्यावर मी काही करू शकतो’ हा विश्वास किती वाढला, याच्याशी सुधारणेचे नाते अधिक घट्ट होते.

येथे एक सावधगिरी राखली पाहिजे. केवळ आमवाताच्या रोग्यांवरील अनेक प्रयोग एकत्र तपासणाऱ्या 2003 सालच्या समीक्षेत शिक्षणाचे लाभ लहान व अल्पकालीन दिसले. दीर्घकाळ टिकणारा परिणाम सिद्ध झाला नाही. झिजेच्या संधिवातात आणि आमवातात फरक आहे. येथे दाह औषधानेच आवरावा लागतो. तेव्हा शिक्षण हे औषधाच्या जागी ठेवता येत नाही. परंतु मेथोट्रेक्सेटसारखे औषध शिक्षणावाचून देणे हेही प्रस्तुत लेखकाच्या मते अर्धाच उपचार होय. एकदा दिलेले व्याख्यान विरून जाते हेच या समीक्षेतून दिसते. यासाठी दर भेटीत थोडेथोडे सांगावे लागते.

सांगण्यापूर्वी विचारावेही लागते, आणि ते रोग्याच्या जगण्याला धरून. रोग्याचे दैनंदिन सामर्थ्य मोजणारी एक प्रश्नावली जेम्स फ्राइज यांनी 1980 साली स्टॅनफर्ड येथेच तयार केली. ती जगभर वापरली जाते. पण जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या देशात ती अपुरी पडते. डॉ. अशोक कुमार, डॉ. मालवीय व सहकारी यांनी 2002 साली तिचे भारतीय रूप सिद्ध केले. साडी, सलवार, धोतर किंवा पायजमा नेसता-बांधता येतो काय, उकिडवे किंवा मांडी घालून बसता येते काय, रिक्षात चढता-उतरता येते काय, तीन किलोमीटर चालता येते काय, भाजीबाजार करता येतो काय, असे प्रश्न तीत आहेत. सहा महिन्यांपूर्वी उकिडवे बसता येत नव्हते आणि आता येते, ही नोंद रोग्यालाही पटते आणि वैद्यालाही.

हे सर्व शहरातील मोठ्या रुग्णालयापुरते राहू नये असा विचार 1981 साली जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय संघ यांनी मिळून आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमामागे होता. त्याचे टप्पे तीन : प्रथम गावातील सांधेदुखीची मोजदाद, दुसऱ्यात लोकांचे व आरोग्यसेवकांचे शिक्षण, तिसऱ्यात कारणांचा शोध. भारतातील पहिले असे काम डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे 1996 साली सुरू झाले. गावातील स्वयंसेवकांना शिकवून घरोघर पाठविण्यात आले. त्यांच्या हाती प्रश्नांचा कागद आणि मानवी शरीराचे एक रेखाचित्र असे. जेथे दुखते त्या सांध्यावर खूण करावयाची. सुमारे 4,100 प्रौढांची पाहणी झाली आणि त्यांपैकी सुमारे 18 टक्के लोकांनी सांधे व स्नायूंच्या दुखण्याची तक्रार सांगितली. यांतील फार थोड्यांना आमवात होता, बहुतेकांना नव्हता. तो कोणाला आहे हे शोधण्यासाठी वैद्य रेखाचित्र हाती घेऊन त्या त्या माणसाकडे गेले आणि त्यांनी खूण केलेला प्रत्येक सांधा बोटांनी तपासून पाहिला.